इजा : नाही

३ तारीख, सोमवार

आजपासून मी सुरक्षा पर्यवेक्षक. दादाने सकाळीच साइटवरच्या पत्र्याच्या खोलीतलं टेबल स्वतः पुसलं, खुर्ची डुगडुगत होती म्हणून पायाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि म्हणाला, "बस चिमणे. आता तू साहेब." मला चव्वेचाळिसावं लागलंय, पण दादासाठी मी चिमणीच.

सरकारचा नवा नियम असा, की बांधकामावर दहापेक्षा जास्त माणसं ठेवायची तर मालकाची नोंदणी हवी. नोंदणीला चौदा अटी. सातवी अट : लिहितावाचता येणारा, प्रथमोपचार शिकलेला सुरक्षा पर्यवेक्षक. नववी : त्याने रोज भरायची नोंदवही. शाईने लिहायची, खाडाखोड नको, फाडलेलं पान नको. नोंदणी झाली तर दादाला सरकारी दवाखान्याच्या इमारतीचं काम मिळेल. नाही झाली तर हे चार मजले उभे राहिले की धंदा बंद. अठराला तपासणी आहे.

अर्ज मीच भरला. पहिल्याच ओळीला अडले.

"नियोक्त्याचं नाव," मी वाचलं.

"हा कोण?"

"तू."

"मग सरळ मालक लिहायला यांच्या पोटात काय दुखतं?"

पोट धरून हसलो दोघं. पुढे पर्यवेक्षकाचं नाव. मी विचारलं, आडनाव कुठलं लिहू? दादा म्हणाला, "आपलं. दुसरं तुला होतंच कधी?" मला पुढचं अक्षर दिसेना.

माझं अक्षर वळणदार आहे, पण घाईत मी चुकते. म्हणून दोन वह्या आणल्यात. आधी या कच्च्या वहीत लिहायचं, मग पक्क्या वहीत सुवाच्य उतरवायचं. दादा म्हणाला, "कच्च्यात वाट्टेल ते लिही. कच्चं कोण वाचतंय?"

५ तारीख, बुधवार

पक्क्या वहीत रकाने आखले. परांची. क्लॅम्प (परांचीचे पाइप आवळणारे). पट्टे. हजेरी. इजा : कुणाला, कशाने. शेरा. सही.

अकराच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरच्या एका गवंड्याने घाम पुसायला हेल्मेट काढलं. दादाने खालून अर्धी वीट फेकली. त्याच्या खांद्याला लागली, तो गुडघ्यावर बसला आणि तसाच परांचीच्या फळीवरून खाली वाकला. एक क्षण वाटलं, गेला. बाजूच्याने सदरा पकडला म्हणून राहिला.

मी कापूस घेऊन धावले. खांद्याचं कातडं सोललं होतं. पक्की वही उघडून दादाला विचारलं, "इजेत लिहू?"

"वेडी का तू? बारावी अट वाच, एकही इजा झालेली चालत नाही. इजा : नाही. रोज. नाही म्हणजे नाही." मग हळू आवाजात, "अगं, हा आता जन्मात डोक्यावरून हेल्मेट काढायचा नाही. तुझ्या चौदा अटींनी जमलं असतं का हे?"

पटलं मला. दादाचं प्रेम असंच आहे, हातातून येतं. नवरा माझी बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटायचा. वर्षातून एकदा तरी. दवाखान्यात मी सांगायचे, "दारात सापडला हात." तिसऱ्या वेळी दादा आला. त्याने नवऱ्याला अंगणात ओढलं, त्याच्या तोंडावर इतक्या लाथा मारल्या, की त्याचा जबडा एका बाजूला लटकला. शेजारी खिडक्या लावून घेत होते. मी पायरीवर बसून बघत होते, आणि मला मोजून आयुष्यात एकदा जी शांतता मिळाली ती तेव्हा. दादाने माझी बॅग उचलली. त्याच्या मनगटावर रक्त होतं. ते माझ्या बाहीला लागलं, मी बरेच दिवस ती बाही धुतली नाही.

हे इथे का लिहिलं, माहीत नाही. उतरवून घेताना हे सोडायचं.

८ तारीख, शनिवार

आज मिस्त्रींशी जरा बोलले. परांचीचे मिस्त्री, साठीचे, उंच, सरळसोट. सगळे त्यांना ओळंबा म्हणतात. परांची उभी राहिली की ते दूर जाऊन एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "डावीकडे अर्धं बोट." मग खरंच ओळंब्याची दोरी सोडून बघितलं तर अर्धं बोटच असतं.

चहा घेऊन दारात उभे राहिले. "ताई, तुमचं नाव पाटीवर बघितलं. मोठ्या अक्षरात आहे."

"दादाने लावलं."

"अर्जाची मागची बाजू वाचलीत? बारीक अक्षरातली?"

"दादाने वाचली ना."

त्यांनी चहा संपवला. कप विसळून उपडा ठेवला. "बरं," म्हणाले. "तुमच्या वहीत एक लिहा. तिसऱ्या मजल्यावरचे क्लॅम्प गेलेत. आटे झिजलेत, पाना फिरतो पण आवळत नाही."

मी इथे लिहिलं. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हातारा बोलतो फार." पक्क्यात उतरवलं : क्लॅम्प ठीक.

११ तारीख

माझे बूट आले. पुढे लोखंडी टोपी असलेले. एक नंबर मोठे आहेत, आत कागद कोंबला. चालते तेव्हा सगळे वळून बघतात. मिस्त्री म्हणाले, "आता तुमच्या पायावर वीट पडली तर विटेला दुखेल."

नवे पट्टेही आले, आठ. उंचावर काम करताना कमरेला बांधून परांचीला अडकवायचे. दादाने ते प्लॅस्टिकच्या पिशवीतच कपाटात ठेवायला लावले. अठरापर्यंत पिशव्या उघडायच्या नाहीत, तपासणीला नवेकोरे दिसले पाहिजेत. किल्ली माझ्याकडे.

१४ तारीख, शुक्रवार

तपासणीला मागच्या तीस दिवसांच्या नोंदी लागतात. आपण तर तीन तारखेला सुरुवात केली. त्यामुळे वहीच्या सुरुवातीची जी पानं दादाने कोरी ठेवायला सांगितली होती, ती आज बसून भरली. रोज तेच. परांची ठीक, क्लॅम्प ठीक, इजा : नाही. कधी निळं पेन, कधी काळं, म्हणजे एका बैठकीतलं वाटणार नाही. ही माझीच युक्ती. दादाने पाठ थोपटली.

मग म्हणाला, "हात बसलाय तर पुढचंही भरून टाक. महिनाअखेरपर्यंत. तपासणीच्या गडबडीत तुला सुचायचं नाही."

भरलं. तिसापर्यंत. हजेरीत बाराही जणांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. सगळ्यात वर मिस्त्री. हाताला रग लागली, पण वही इतकी देखणी दिसते की बंद करवेना.

१६ तारीख, रविवार

तपासणी परवा, म्हणून आज सुट्टी नाही. बाहेरच्या भिंतीचा गिलावा उद्यापर्यंत व्हायलाच हवा. सकाळी बघते तर तिसऱ्या मजल्याच्या परांचीच्या फळ्या काढून खाली रचलेल्या. मिस्त्रींनी काढल्या.

दादा गाडीतून उतरला तो थेट त्यांच्याकडे. "फळ्या कुणी काढल्या?"

"मी. क्लॅम्प द्या, लावतो."

"परवा तपासणी आहे ओळंब्या!"

"म्हणूनच म्हणतो. माझी पोरं वर चढायची नाहीत." पोरं म्हणजे गवंडी, तिशी-चाळिशीतले बाप्ये. ते सगळे हातातली घमेली खाली ठेवून उभे होते. एक जण फिसकन हसला, मला वाटतं घाबरून. तिथेच बिनसलं.

दादाने मिस्त्रींच्या कमरेचा पाना उपसला आणि त्यांच्या तोंडावर उगारला. त्यांनी हात वर धरला. पाना हातावर बसला. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज वेगळा आला, ओली फळी मोडताना येतो तसा. मग ते खाली पडले तेव्हा बरगडीत बुटाची लाथ. दादा प्रत्येक लाथेबरोबर एकच शब्द म्हणत होता, "लाव. लाव. लाव." कुणी हललं नाही. मीही नाही. सिमेंटच्या धुळीत मिस्त्रींच्या चष्म्याची काच पडली होती, तिच्याकडे बघत राहिले.

नंतर ते स्वतःच उठून खोलीत आले. उजवा हात वांग्यासारखा सुजलेला आणि निळा. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं केलं. दोन बोटांना लाकडी पट्टीचा आधार, मग मनगटापासून घट्ट गुंडाळत वर. माझी पहिली खरी पट्टी. एक सुरकुती नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण म्हणाले, "हात हलका आहे तुमचा."

पट्टी छान बसली.

दादा संध्याकाळी स्वतः त्यांना घरी सोडून आला, बरोबर फळांची पिशवी दिली. असा आहे तो. राग येतो तसा जातो.

पक्क्या वहीत सोळा तारीख आधीच भरलेली आहे. इजा : नाही.

१७ तारीख

मिस्त्री गेले.

सकाळी सव्वाआठला. तिसऱ्या मजल्यावरून. मी खोलीत होते. आधी लोखंड वाजलं, मग फळ्या, मग एक आवाज आला तो कशाचा ते जाणून घेतलं नाही.

ते विटांच्या ढिगावर पडले होते. अर्धे विटांवर, अर्धे खाली. मान जिथे वळायला नको तिथे वळलेली. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन गुडघ्यावर बसले आणि मला कुठे हात लावायचा तेच समजेना. सगळीकडूनच मोडलेलं होतं. माझी पट्टी तेवढी पांढरी होती.

दोन मिनिटं होते. 

१९ तारीख, बुधवार

तपासणी पुढे ढकलली. पोलीस पंचनामा करून गेले. दादाने त्यांना सांगितलं, म्हातारा पिऊन होता, पट्टा न बांधता चढला.

प्यायलेले नव्हते. मला माहीत आहे, कारण आठ वाजता ते माझ्या दारात आले होते. म्हणाले, "मालकांनी फळ्या परत लावून घेतल्यात. पोरांना चढवण्याआधी मीच एकदा वर जाऊन क्लॅम्प जमतील तेवढे आवळून येतो. ताई, तेवढा एक पट्टा द्या."

मी म्हटलं, "दादाला विचारते हं." फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मिस्त्री कपाटाकडे बघत होते. किल्ली माझ्या कमरेला होती.

"राहू द्या," म्हणाले. "तुम्हाला बोलणी नकोत."

हे मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, या वहीलाही नाही.

आज त्यांची बायको साइटवर आली. बारीकशी बाई. त्यांचा पाना मागायला. म्हणाली, "तो त्यांच्या वडलांचा होता." पाना कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. दादाने पाकीट पुढे केलं, तिने घेतलं नाही. जाताना माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "घरी सांगायचे, नवीन ताई चांगल्या आहेत, सगळं लिहून घेतात."

२१ तारीख, शुक्रवार

नोंदणी कार्यालयाच्या तपासणीस बाई आल्या. बुटक्या, स्वतःचं हेल्मेट घेऊन आलेल्या, त्यावर ओरखडेच ओरखडे. दादाने खुर्ची दिली. बसल्या नाहीत. आधी परांची चढून आल्या, तिसऱ्या मजल्यावरचा एक क्लॅम्प खिशात घालून. मग माझी पक्की वही मागितली.

सावकाश पानं उलटली. "अक्षर सुंदर आहे," म्हणाल्या. मी चक्क आभार मानले.

मग त्यांचं बोट थांबलं. "आज किती तारीख?"

"एकवीस."

"मग हे काय?" त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. अठरा : मिस्त्री हजर. एकोणीस : मिस्त्री हजर. वीस, एकवीस, बावीस. थेट तिसापर्यंत मिस्त्री हजर. इजा : नाही, इजा : नाही, इजा : नाही.

 दादा दारातून म्हणाला, "बाई, वहीचं सगळं बहीण बघते. सही तिची, जबाबदारी तिची. मागच्या बाजूला लिहिलंय तसं. मला वाचायला वेळ कुठे असतो?"

खरं आहे. मीच भरलं. असंच म्हणणार होते मी.

पण बाईंनी दुसरंच विचारलं. "त्यांच्या हाताला पट्टी कुणी बांधली?"

"मी."

"चांगली बांधलीय. डॉक्टर म्हणतात, त्या हाताची तीन हाडं पडण्याच्या आदल्या दिवशी मोडलेली होती. बोटं आधाराला बांधलेली. या हाताने पाना धरता येत नाही, परांचीचा दांडाही धरता येत नाही. आदल्या दिवशी हात कशाने मोडला?"

मी दादाकडे बघितलं.

"दारात सापडला," दादा म्हणाला.

मी मान हलवली. हो म्हणून. इतक्या सवयीने हलली मान.

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "सोमवारी अकराला पुन्हा येते. जे काही लिहिलेलं असेल ते सगळं काढून ठेवा."

तीन हाडं. आणि मी लिहिलं होतं, पट्टी छान बसली. ते पान आत्ता उघडून बघितलं. कागद धरून थोडा ओढलाही. शिवण कुरकुरली. मग सोडला.

२३ रविवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट.

काल दुपारी दादाला म्हटलं, पक्क्या वहीच्या शेवटच्या पानावर मला खरं लिहायचंय. पाना, पट्टा, सगळं. नोंदणी पुढच्या वर्षी मागू.

आधी हसला. "चिमणे, तू काय लिहिणार? तुझ्यासाठी मी एका माणसाचा जबडा फोडलाय."

"माहीत आहे."

"मग?"

मी टेबलाचा खण उघडून वही काढायला हात घातला. त्याने गुडघ्याने खण लोटला. लोखंडी खण आहे. हात आत होता. मग त्याने त्यावर पाय टेकला आणि सगळं वजन दिलं, माझ्याकडे बघत. मी ओरडले नाही. मला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. त्याचा नव्हे. दाराच्या फटीपलीकडून दिसायचा तो.

आवाजही ऐकला. सोळा तारखेचा.

मग रडला. पायाशी बसला, माझा हात मांडीवर घेऊन. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. चार बोटं. पायऱ्या चढताना कानाशी म्हणाला, "डॉक्टरला सांग, दारात सापडला."

तेव्हा हसू आलं मला, खरंच. दादा घाबरला त्या हसण्याला. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी काहीच बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य बोलले नाही.

त्याने एक चूक केली. सोमवारी त्याला माझी सही हवी आहे, सगळं मीच भरलं अशा जबाबावर. अर्जावर सहीचा नमुना आहे, उजव्या हाताचा. तोच हात त्याने मोडला. घरी येताना मध्येच ते त्याच्या लक्षात आलं, गाडी कडेला घेतली, डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

२४ सोमवार, साडेदहा

मला दादाचा राग येत नाही. येईल बहुतेक, नंतर. आत्ता नुसता अंगणातला तो दिवस दिसतो. तेव्हा मी पायरीवर बसून काय बघत होते, ते मला आज कळतंय. शेजाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं, म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या.

कपाट उघडलं. आठही पट्टे पिशव्यांतून काढून बाहेर खिळ्यांना अडकवले. एका हाताने वेळ लागला. गवंडी बघत होते. सोळा तारखेला फिसकन हसलेला पुढे आला आणि उरलेल्या पिशव्या दातांनी फाडून दिल्या. 

पक्की वही बाईंनी पाहिलीच आहे. आज ही देणार. पान फाडलेलं नाही. पट्टी छान बसली, ते पानही आहे, पट्ट्याचंही आहे. माझं काय होईल ते त्यात लिहिलंय तसं होवो.

फाटकाशी गाडी थांबली. दादाचीच. तो यायच्या आत आजची नोंद.

परांची : तपासली. तिसरा मजला, कुणीही चढू नये.
क्लॅम्प : झिजलेले. मिस्त्रींनी आठ तारखेला सांगितलं होतं.
पट्टे : आठ. बाहेर.
हजेरी : अकरा. मिस्त्री नाहीत.
इजा : एक.
कुणाला : सुरक्षा पर्यवेक्षक.
कशाने : मालकाने.
शेरा : दारात सापडलेला नाही.
सही : डाव्या हाताची. माझीच आहे.